बंद घरांचा रकाना

मी कुणाकडे गेले की लोक चहाच्या आधी कूलरकडे बघतात. माझी बहीण पिपरी मेघेला राहते. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेले, तर तिच्या जावेनं मला दारात पाहिलं आणि फुलदाणीतलं पाणी हळूच बेसिनमध्ये ओतलं. मला राग आला नाही. ती फुलदाणी मी चपला काढतानाच पाहून ठेवली होती.

आर्वीच्या बाजूला एक लहानसं गाव आहे, तिथल्या नगरपरिषदेत मी स्वच्छता निरीक्षक आहे. आमच्या खोलीवर 'आरोग्य विभाग' अशी पाटी आहे. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी दारात उभं राहून "मॅडम, पोट दुखून राह्यलं, गोळी द्या" म्हणतं. गोळ्या आमच्याकडे नसतात. नाल्या, उकिरडे, पाण्याची टाकी, मटणाची दुकानं, सार्वजनिक संडास, मेलेली कुत्री आणि जन्म-मृत्यूचं रजिस्टर हा सगळा आमचा संसार. सकाळी सहाला सफाई कामगारांची हजेरी. मग तीन वेगवेगळ्या नळांचं पाणी छोट्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे. नाही झालं तर टाकीवरच्या माणसाला फोन, आणि तो नेहमी अंघोळीला गेलेला असतो. आमचं काम नीट झालं की गावात काहीही घडत नाही. हे वाक्य मी नव्या मुख्याधिकाऱ्यांना दरवेळी समजावून सांगते. त्यांना ते पटतं, आणि मग ते विचारतात, "पण मॅडम, फोटो काय टाकायचे?"

माणसंही नाना तऱ्हेची भेटतात. एका कापड दुकानदारानं मुलीच्या लग्नात आमचं धुराचं मशीन मागितलं होतं. "मंडपात एक चक्कर मारून द्या जी, पाहुन्याइले मच्छर लय चावून राह्यले." मी म्हटलं, नवरीच्या फोटोत नुसता धूर दिसेल. ते म्हणाले, "आजकाल धूर मुद्दाम सोडतेत, मॅडम." एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी हौदात सोडायला गप्पी मासे दिले. हे मासे डासांच्या अळ्या खातात. महिन्याभरानं पाहते तर सरांनी माशांना शेवया, पोहे घालून असं लाडावलं होतं, की अळ्यांकडे ढुंकूनही न पाहता ते पाहुण्यांसारखे पोहत होते. सर म्हणाले, "बिचारे अळ्या खातील? बघवत नाही हो."

हे सगळं सांगायला मजा येते. आता जे सांगायचं आहे, त्यात मजा नाही.

डेंग्यूचा डास चांगल्या, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्याभरात अंड्याची अळी आणि अळीचा डास होतो. तो दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी घरातली पाण्याची भांडी रिकामी करायची, आतून घासायची आणि कोरडी ठेवायची. याला आम्ही कोरडा दिवस म्हणतो. आमचा कोरडा दिवस शुक्रवार. त्या दिवशी आमचं पथक घरोघर जातं, बॅटरीच्या उजेडात भांड्यांत डोकावतं, दाराच्या चौकटीवर खडूनं तारीख घालून खूण करतं आणि पुढे जातं. घराला कुलूप असलं तर 'बं' लिहायचं, म्हणजे बंद. बंद घरांसाठी दुपारी तीनला दुसरी फेरी.

पथकात तीन माणसं. एक मी. दुसरे देवरावभाऊ, आमचे फवारणी कामगार, निवृत्तीला आलेले. पाठीवर पंप आणि तोंडात सतत काहीतरी टोमणा. तिसरी नंदा. ती टेकडीपुऱ्याची आशा, म्हणजे त्या वस्तीतल्या बाळंतिणींपासून तापाच्या माणसांपर्यंत सगळ्यांची खबर ठेवणारी. टेकडीपुऱ्यात एकच लांब गल्ली, एक्केचाळीस घरं. नंदाचं घर तीन नंबरचं. गल्लीच्या तोंडाशी पक्की घरं, दुकानवाल्यांची, नोकरीवाल्यांची. जसजसं टेकडीकडे जावं तसतशी टिनाची, मजुरांची.

याद्या करणं हा माझा स्वभाव. किराण्याची, औषधांची, बॅगेत काय काय आहे याचीसुद्धा. आमच्या खोलीत माझ्याआधी घरांच्या नोंदी पाकिटांच्या पाठीवर असायच्या. मी घरपट्टीच्या रजिस्टरवरून क्रमानं यादी केली, रकाने आखले, दर शुक्रवारचा वेगळा कागद केला, तो त्याच संध्याकाळी फाइलला लावला. बरोब्बर आठ वाजता एक नंबरच्या घरापासून सुरुवात. माझ्या यादीचा नमुना बघायला दुसऱ्या नगरपरिषदेचे लोक येऊन गेले होते. मला याचा अभिमान होता आणि तो मी लपवतही नव्हते.

त्या पावसाळ्यात टेकडीपुऱ्यात ताप सुरू झाला. आधी एका घरात, मग चार घरांत. गल्लीतल्या एका पुढाऱ्यानं लगेच फोन केला, "धूर सोडा, धूर." धूर दिसतो, आवाज करतो, मुलं मागे पळतात, म्हणून लोकांना तो आवडतो. त्यानं उडणारे डास तेवढे मरतात. भांड्यातल्या अळ्या शांतपणे मोठ्या होत राहतात. तरी आम्ही धूर सोडला. शुक्रवारच्या फेऱ्या चालूच होत्या. माझ्या कागदावर टेकडीपुरा अगदी स्वच्छ दिसत होता: जेवढी घरं उघडी मिळाली तेवढी तपासली, अळी असलेलं भांडं क्वचित एखादं. मी अहवालात लिहीत होते, 'सर्व घरांची तपासणी पूर्ण'. ताप मात्र वाढत होता. मला झोप लागेना. अळ्या आहेत कुठे?

मग नंदाला ताप आला.

दोन दिवस तिनं अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा सुनील, ऑटो चालवतो, सहाच्या हजेरीलाच येऊन उभा राहिला. "मॅडम, तिले उठताच येऊन नाई राह्यलं. हिरड्यातून रक्त येते." त्याच्याच ऑटोतून तिला वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी मागे बसून तिचं डोकं धरलं होतं. वाटेत ती एकदाच बोलली, "मॅडम, सतरा नंबरवालीची तारीख जवळ आली, तिले एकटी नका सोडजा." त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये डेंग्यू निघाला. प्लेटलेट खाली होत्या आणि अजून उतरत होत्या. डॉक्टर म्हणाले, पुढचे दोन-तीन दिवस महत्त्वाचे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, पण पोळ्याची सुट्टी. मी देवरावभाऊंना फोन केला: आठ वाजता टेकडीपुरा, पूर्ण गल्ली, एक्केचाळीसही घरं.

"मॅडम, आज बैलालेही सुट्टी राह्यते," देवरावभाऊ म्हणाले. "आपन बैलाहून बेकार झालो काय?"

"नंदाच्या प्लेटलेट अजून उतरल्या, भाऊ."

त्यांनी फोन ठेवला. पावणेआठला पंप घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे होते.

पहिली तीस घरं नेहमीसारखी. तिसाव्या घराच्या पुढे गल्ली वळते. वळण घेतलं आणि मी थांबले. पुढची सगळी दारं उघडी होती. दारात रांगोळ्या, आत पुरण शिजल्याचा वास, ओसरीवर बसून बैलाच्या साजाचे गोंडे शिवणारी माणसं. मी त्या भागात कित्येक वेळा गेले होते आणि तो भाग मी पहिल्यांदाच पाहत होते.

सदतीस नंबरच्या दारात शेवंताबाई उभी होती, म्हणून आधी तिच्याकडेच गेलो. चाळिशीची, काटक, हाताला बेसन लागलेलं.

"कोन होय?"

"नगरपरिषदेतून आलो. पाण्याची भांडी बघायची आहेत."

"आज? पोळ्याच्या दिवशी?"

"आम्ही दर शुक्रवारी येतो, बाई."

"आमच्या इकडं त कोनीच नाई येत," ती म्हणाली. कुरकुर नव्हती तिच्या बोलण्यात, माहिती देत होती. मग तिनं चौकटीकडे बोट केलं. "हे तुमी लिहून राह्यले होय? मले वाटे लाइटवाले लिहितेत."

चौकटीवर वरपासून खालपर्यंत खडूनं लिहिलेलं होतं. बं. त्याखाली बं. त्याखाली बं. आठ शुक्रवार, आठ तारखा, दोन माझ्याच हातच्या.

आत कोपऱ्यात रांजण होता, निम्मा जमिनीत पुरलेला. असा रांजण उलटा करता येत नाही. त्यातलं पाणी वाटीनं उपसावं लागतं आणि आत हात घालून घासावा लागतो. शेवंताबाईनं झाकण काढलं. मी बॅटरी मारली. उजेड पडताच पाण्यातल्या अळ्या वळवळत तळाकडे गेल्या. इतक्या, की तळ हलल्यासारखा वाटला.

"अव माय," शेवंताबाई म्हणाली. "हे काय होय?"

पुढच्या आणि मागच्या मिळून आणखी पाच घरांत तेच निघालं. आम्ही दुपारपर्यंत रांजण उपसले. देवरावभाऊ कोपरापर्यंत हात घालून घासत होते आणि त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही.

ऑफिस सुट्टीमुळे रिकामं होतं. मी आठही शुक्रवारचे कागद फाइलमधून सोडवले आणि फरशीवर एकाखाली एक ठेवले. तोवर मी त्यांच्याकडे कधी असं पाहिलंच नव्हतं. एकेक कागद वेगळा बघितला की बंद घरं दहा-अकरा असायची, त्यात काही वावगं नाही. एकाखाली एक ठेवले की दिसत होतं, ती प्रत्येक वेळी तीच दहा-अकरा घरं होती. एकतीस ते एक्केचाळीस.

कारण शोधायला अक्कल लागणार नव्हती. निंदणाचे दिवस. मजुरांना शेतावर नेणारी गाडी सकाळी नऊला वळणावर येते आणि संध्याकाळी सहाला आणून सोडते. आम्ही आठला एक नंबरपासून निघायचो. टेकडीच्या टोकाला पोचेपर्यंत साडेदहा व्हायचे. दुसरी फेरी तीनला, तेव्हाही ती माणसं शेतात. यादी उलट्या टोकापासून धरली असती, तर ती सगळी घरं उघडी मिळाली असती. पक्क्या घरांत दिवसभर कुणी ना कुणी असतंच. एवढंच करायचं होतं. कागद उलटा धरायचा होता.

मी तसं अहवालात लिहिलं. मुख्याधिकाऱ्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, स्वतःच्या हातानं स्वतःवर कशाला? 'काही घरे मजुरीनिमित्त बंद आढळली' असं लिहा. खोटं नाही ते." खोटं नव्हतंच. मी तसं लिहिलं आणि सही केली. ती सही मला आजही टोचते.

इकडे गल्लीत बातमी पसरली, की अळ्या सदतीस नंबरच्या रांजणात सापडल्या. बाकीच्या पाच घरांचं नाव कुणी घेत नव्हतं, कारण शेवंताबाईचं झाकण आधी उघडलं होतं. नळावर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. एकीनं तोंडावर म्हटलं, "तुया रांजनानं नंदाले झोपवलं, व." पोळ्यानंतर दोन दिवसांनी मी पुन्हा तिथे गेले, तेव्हा शेवंताबाईनं मला अडवलं.

"बाई, खरं सांगजा. नंदाले आमच्याच घरून झालं काय?"

नंदाच्या प्लेटलेट त्या सकाळी आणखी खाली गेल्या होत्या. डॉक्टरांनी रक्ताची सोय करायला सांगितलं होतं, आणि देवरावभाऊ चार कामगारांना घेऊन बसनं वर्ध्याला निघाले होते. माझ्या डोक्यात तेच होतं, असं मी स्वतःला सांगते. मी शेवंताबाईला म्हटलं, "कोणता डास कुठला, ते सांगता येत नाही." शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. उत्तर म्हणून ते काहीच नव्हतं. ती आत गेली.

संध्याकाळी देवरावभाऊंचा वर्ध्याहून फोन आला. रक्ताची सोय झाली होती. मग म्हणाले, "आनखी एक गोष्ट हाय, मॅडम. सुनील सांगून राह्यला, गल्लीतून फोन आला त्याले. शेवंताबाईनं पाट्यानं रांजन फोडला."

तो फोडायची गरज नव्हती. घासून वाळवला की काम झालं असतं. तिच्याकडे नळाला तीन दिवसांआड पाणी, छपरावर टाकी नाही. तो रांजण हेच तिचं तीन दिवसांचं पाणी होतं. आता दोन बादल्या आणि पितळेचा एक गुंड, त्यातलं पाणी संपलं की बत्तीस नंबरच्या घरी मागायला जायचं. मी हे सगळं वहीत लिहिलं. 'सदतीस: रांजण नष्ट. पाणीसाठा अपुरा.' लिहिलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी नंदाच्या प्लेटलेट वर चढायला लागल्या. सुनीलनं फोनवर आकडा सांगितला आणि मग तो रडायलाच लागला. मला आकडा दोनदा विचारावा लागला. भरती झाल्यापासून आठवड्यानं ती घरी आली.

मी तिला भेटायला गेले, ती ते आठ कागद घेऊनच. काय म्हणून नेले, कुणास ठाऊक. मला वाटलं, तिला खरं कारण कळायला हवं, आणि ते मी सांगायला हवं. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, गाल बसलेले, केस कापून आखूड केलेले. मी कागद खाटेवर मांडले, एकतीस ते एक्केचाळीसवर बोट फिरवलं आणि सगळं नीट क्रमानं समजावलं.

नंदानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे त मले मालूमच होतं, मॅडम."

"मालूम होतं? मग बोलली काऊन नाही?" माझ्या तोंडून तिचीच भाषा निघाली.

"बोलली होती न. दोनदा." ती सावकाश बोलत होती, दम लागत होता. "पयल्या वेळेस म्हटलं, मॅडम, तिकडून चालू करून पाहू, त्या बाया नऊले जातेत. तुमी म्हनल्या, नंबर मागं-पुढं झाले की यादी बिघडते. दुसऱ्या वेळेस तुमी फोनवर होत्या, नुसता हात केला." तिनं हात हलवून दाखवला, थांब म्हणाल्यासारखा. मग माझा चेहरा पाहून तीच घाबरली. "जाऊ द्या न, मॅडम. तुमाले किती कामं राह्यतेत. सुनील, मॅडमले चहा ठेव न जी."

मी घरी जाऊन वह्या काढल्या. त्या दोन महिन्यांतला प्रत्येक दिवस त्यात आहे. कोणत्या नळाचं पाणी पिवळं झालं नाही, कोणता ट्रॅक्टर बंद पडला, कुणी फोन केला आणि किती वाजता. नंदा दोनदा बोलल्याची नोंद कुठेही नाही. मी शोधलं, मागून पुढे, पुढून मागे. मला ते आठवतही नाही. तिनं सांगितलं नसतं, तर माझ्या लेखी ते घडलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी आम्ही एक्केचाळीस नंबरपासून सुरुवात केली. नंदा नव्हती, दुसऱ्या वॉर्डातली आशा होती. आठ वाजता दारं उघडी, चुली पेटलेल्या, बायकांची डबे बांधायची घाई. "या बाप्पा, आज रस्ता चुकल्या काय?" एकीनं विचारलं, आणि बाकीच्या हसल्या.

सदतीस नंबरला आले. तपासण्यासारखं तिथे फार नव्हतं. कोपऱ्यात रांजणाच्या जागी खड्डा होता, त्यात राख भरलेली. शेवंताबाई भाकरी फडक्यात बांधत होती. देवरावभाऊंना मी पुढच्या घरी पाठवलं.

"शेवंताबाई, त्या दिवशी तुम्ही मला एक विचारलं होतं," मी म्हणाले. "तुमच्यामुळे झालं नाही. आम्ही आठ वेळा तुमच्या कुलपापर्यंत येऊन परत गेलो. तुम्ही नऊपर्यंत घरी असता, हे मला सांगितलं गेलं होतं. मी ऐकलं नाही. ऐकलं असतं, तर पहिल्याच शुक्रवारी तुमचा रांजण घासून झाला असता. चूक माझी आहे. नळावर बायकांना मी सांगते."

तिनं गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

मी हातातली बॅटरी बंद केली.

"मले वाटलं, माया घरानं एका बाईचा जीव जाते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्हनून मी त रांजन फोडला. तुमी काय फोडता, बाई?"

बाहेर वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. शेवंताबाईनं डबा उचलला, कुलूप घेतलं आणि मी बाहेर पडायची वाट बघत दार धरून उभी राहिली. मी बाहेर आले. पावणेनऊच झाले होते, पण गाडी आज लवकर आली होती, आणि वळणापर्यंतची पाच घरं अजून व्हायची होती. एकतीस नंबरवाली कडी लावायलाच निघाली होती. "थांब व, बाई, एक मिनिट," असं ओरडत, बॅटरी हातात घेऊन मी पळत सुटले.